झुंबरबाईच्या अंगणातली लाल रेघ

कारळवाडी, ता. अंबड
३ फेब्रुवारी

शालूताय,

पाया पडतो. तू म्हणशील, दुनिया फोनवर बोलती अन् हा आद्या चिठ्ठ्या काहून लिहून राह्यला. तं ऐक, माझ्या फोनवर म्हशीनं पाय दिला. (मीच पाडला, पण आईनं विचारलं तं म्हैसच सांगायची.) भारतच्या मोबाईल दुकानात टाकलाय दुरुस्तीला. सरपंच आबारावचा पुतण्या भारत, तोच. म्हणला, लॉक सांगून ठिव, चेक कराया लागतं. सांगितला. आठ दिवस लागतेत म्हणला. तवर आपली दैवशालाबाई कंडक्टर हाय. जालना गाडीवर ड्यूटी लागली तिची. म्हणली दे चिठ्ठी, तुझ्या बहिणीच्या झेरॉक्स सेंटरवर टाकून देते, तिकीट काढायची गरज न्हाई.

आता गंमत सांगतो. त्या दिवशी तुला एक नकाशा पाठवला, मोठ्या कागदावर रंगीत काढून दे म्हणलो, तू काढून दिलास, न बघता. तो आपल्या ग्रामपंचायतीच्या नव्या वार्डांचा कच्चा नकाशा. सरकारनं साइटवर टाकलाय, कोणालाबी उघडतो, फुकट. मी उघडला. अन् बोटानं लाल रेघ जराशी सरकवली.

प्रितमला वळखती ना तू? माळावरच्या वस्तीतला. माझ्यासंगं दहावीला बसल्ता, दोघं संगंच आपटलो. त्याची माय झुंबरबाई यंदा वार्ड तीनमधून उभी राहणार. वस्तीची अडतीस घरं सगळी एका वार्डात आली, तं पयल्यांदाच वस्तीचं माणूस मेंबर होणार. प्रितम लय फुगून राह्यल्ता. "माझी माय मेंबर, तुझी माय वोटर" म्हणं. मंग मी काय केलं, वस्तीच्या बराबर मधून रेघ वढली. झुंबरबाईची झोपडी वार्ड तीनमधी, अन् तिच्या शेळीचा खुटा वार्ड दोनमधी! एकोणीस घरं हिकडं, एकोणीस तिकडं. आता मतं फुटून दोन्हीकडं पडतेत. अन् पंचायतीच्या फळ्यावर खऱ्या नकाशाच्या वरून चिकटवून आलो.

खाली घरांचा तक्ता हाय, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यात अजून एक गंमत ठिवलीय. ती सांगत न्हाई. बघू गावात वाचणारा कोण निघतो.

प्रितम बापासंगं मेंढ्या घेऊन गोदाकाठाला गेलाय, लोकाच्या रानात खतासाठी बसवायला. वस्तीतले सगळेच बाप्ये गेलेत. रविवारी येतो म्हणल्ता. त्याचं तोंड बघण्यासारखं होणार.

तुझा आद्या


जुना जालना
५ फेब्रुवारी

आद्या,

तुझं पत्र वाचलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या एका कागदाच्या चार झेरॉक्स काढल्या मी, त्यानं एकच मागितली होती.

मी साइट उघडून खरा नकाशा बघितला. त्यात सगळी वस्ती वार्ड तीनमधी हाय, एक घर बाहेर न्हाई. दोन नकाशे शेजारी ठिवले तं शेंबडं पोरगंबी सांगंल खरा कोणता. पण शेजारी ठिवणार कोण? आपल्या गावात साइट कोण उघडून बघतं? फळ्यावर लागलं म्हंजी सरकारनं लावलं.

नकाशाच्या खाली तारखा हायत, तू वाचल्या नसशील. हरकती बारा फेब्रुवारीपर्यंत तहसीलात द्यायच्या. सुनावणी वीस तारखेला अंबडला. त्याच्यानंतर जो नकाशा राहील तो पक्का, इलेक्शन त्याच्यावरच. मधल्या काळात कोणी काही उलटंपालटं मागितलं, अन् वस्ती गप राह्यली, तं तुझी गंमत खरी होईल. झुंबरबाई मेंबर होणार न्हाई, तिच्या नातीच्या वक्तालाबी होणार न्हाई.

अन् लॉक काहून सांगितलास रे? तू मला पाठवलेला नकाशा त्याच फोनात हाय. माझं नाव, माझा नंबर. आबारावच्या घरात पंधरा वर्षं सरपंचकी हाय, अन् त्याच्या पुतण्याच्या हातात तू चावी दिलीस. सरकारी कागदात असला खेळ केला तं पोलीस केस होती. माझ्या सासूबाई, आसराबाई, तुला म्हाईत हायत. मी सेंटरवर जाते हेच त्यांना पचत न्हाई, पोलीस आले तं मला दारात उभं करायच्या न्हाईत.

आजच्या आज जा. कागद फाड. फोन फुटका असला तरी माघारी आण. मी हितली फाईल डिलीट करून टाकते.

शालूताई


कारळवाडी
८ फेब्रुवारी

ताय,

फाडायला गेल्तो. फळ्यापुढं राधेश्याम शिपाई खुर्ची टाकून बसलेला. म्हणला, "नकाशाला हात लावू द्यायचा न्हाई कोणाला. आबारावचा हुकूम हाय." मी म्हणलो, "काहून, सोन्याचा हाय का?" तं म्हणला, "आद्या, तू लांबूनच बघ. तुझ्या हाताला खाज जास्त." दुसऱ्या दिवशी फळ्याला काच बसली अन् काचंला कुलूप.

मला वाटलं व्हतं आबाराव नकाशा बघून भडकंल न्हाई तं हसंल. तो आला, चष्मा घरीच राह्यला म्हणला, भारतला रेघ बोटानं दाखवाया लावली. हसला न्हाई. भडकलाबी न्हाई. नुसतं म्हणला, "बराबर केलंय."

फोन मागाया गेलो. भारत म्हणतो पार्ट यायचाय. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यानं मला बसायला स्टूल दिलं. ताय, त्यानं मला कधी स्टूल दिलं न्हाई.

काल झुंबरबाई घरी आल्ती. मला म्हणली, "आदिनाथ, बाबा, तू शिकलेला हाईस, चल, त्या कागदावर काय लिवलंय ते वाचून दाखव." मला कोणी शिकलेला म्हणलं तं मी हसतो. काल हसू आलं न्हाई. गेलो संगं. काचंतून बोट दाखवून म्हणली, "ही लाल रेघ माझ्या अंगणातून गेली म्हणतेत. मंग माझी शेळी त्या वार्डात गेली तं तिकडचे नेतील का तिला?" मी म्हणलो, "न्हाई मावशे, रेघ नुसती मतापुरती असती." म्हणली, "माझ्या सासऱ्याची जमीन अशीच एका रेघंत गेल्ती. तेबी म्हणले होते नुसती मोजणीपुरती."

तिनं शेळीचा खुटा उपटून झोपडीत ठोकलाय. चंद्री आता चुलीजवळ बांधलेली असती. वस्तीतल्या म्हाताऱ्या अंगणात बाजा टाकायच्या, त्याबी आता आतच बसतेत. रेघ कुठून जाती ते कोणालाच दिसत न्हाई, म्हणून कोणी बाहेर पाय टाकत न्हाई.

तिथंच सांगायचं होतं मला. तोंड उघडलं बी होतं. तिनं विचारलं, "हे सरकारनंच केलं ना?" मी म्हणलो, "हो."

प्रितम आला न्हाई. मेंढ्या अजून पुढं गेल्या म्हणं.

आद्या


जुना जालना
१० फेब्रुवारी

आद्या,

बाईला हो म्हणालास? तुझ्या जिभेला काही हाड?

आता रडत बसू नको. दोन दिवस राह्यलेत. माझं ऐक. सरळ आबारावकडं जा, एकट्यात गाठ, अन् सांग की मामा, गंमत केली, चुकलो. तोबी तुझ्या नकाशाला फसलाच हाय. सरकारी म्हणून काच लावून बसलाय बिचारा. गावाचा मोठा माणूस हाय, दोन शिव्या देईल, एखादी कानाखाली देईल, अन् त्याच्याच हातानं कागद काढून टाकील. पोलिसाची गोष्ट त्यानंच दाबली तं दबून जाईल. मोठ्या माणसाला माफ कराया आवडतं.

जल्दी जा. फाईल मी डिलीट केली.

शालूताई


कारळवाडी
१३ फेब्रुवारी

ताय,

तुझं ऐकून गेलो. बारा तारखेला सकाळी. आता ऐक काय झालं, अन् ह्याच्यानंतर मला पत्र लिहू नको.

आबाराव वसरीत बसल्ता. मी पाया पडलो. म्हणलो, "मामा, एक चूक झाली." तो म्हणला, "बस. चहा घे." मी म्हणलो आधी ऐका. तं म्हणला, "चहा घे आधी, थंड होईल." मी चहा घेतला. मंग त्यानं उशाखालून माझा फोन काढला. डिस्प्ले नवा टाकलेला. माझ्या हातात दिला अन् म्हणला, "हात चांगला हाय तुझा. तलाठ्याला जे सांगून सांगून जमलं न्हाई ते तू बोटानं केलं."

त्याला समदं म्हाईत होतं, ताय. तो फसला न्हवता. तहसीलात जाऊन खरा नकाशा बघून आला होता, अन् भारतनं फोन उघडून माझा बघितला होता. मी म्हणलो, "मामा, साइटवर खरा हाय, कोणीबी बघंल." तं म्हणला, "साइट बघणारं एक माणूस दाखव मला गावात. लोक फळा बघतेत." मंग जरा थांबून म्हणला, "शालूचं सेंटर जुन्या जालन्यातच हाय ना अजून? चांगली पोरगी. सासू जरा कडक हाय म्हणं." आवाज बिलकुल चढवला न्हाई. बिस्किटाची ताटली माझ्याकडं सरकवली.

मंग म्हणला, चल जरा वस्तीवर, माणसं तुला मानतेत.

आबारावनं अर्ज लिहून ठिवला होता. "फळ्यावर लावलेल्या नकाशाप्रमाणे वार्ड पक्के करावेत, आम्हा गावकऱ्यांची तशी मागणी आहे." भारतनं वस्तीवर सांगितलं की हा हरकतीचा अर्ज हाय, रेघ काढून टाकायचा, आजच शेवटचा दिवस, जल्दी अंगठे द्या. बाप्ये मेंढ्यामागं. म्हाताऱ्या अन् बाया एकेक करून आल्या. एक्केचाळीस अंगठे. झुंबरबाईनं अंगठा टेकवायच्या आधी माझ्याकडं बघितलं.

शाईचा पॅड मी धरला होता, ताय.

तिनं पदरानं अंगठा पुसला अन् म्हणली, "तू हाईस म्हणून भेव न्हाई."

अर्ज दुपारी तहसीलात गेला. आता कोणाला सांगू? वस्तीनंच मागितलं असं कागदावर झालंय. फोन माझ्याकडं हाय, पण मी तो पेटीत टाकून ठिवलाय. तो वाजला की मला आबारावचा चहा आठवतो. तूबी गप बस. मी जांब समर्थला मावशीकडं जातो अन् सुनावणी होईस्तोवर येत न्हाई.

आद्या


जुना जालना
१७ फेब्रुवारी

आद्या,

मी तुला त्याच्या वसरीत पाठवलं. त्याला बिचारा म्हणाले मी. आता ते पत्र आठवलं की माझंच तोंड मला दाखवू वाटत न्हाई.

एक खोटं मीबी बोलले. फाईल डिलीट केली न्हाई. करायला बसले होते, बोट बटनावर होतं, मंग वाटलं, हे गेलं तं वस्तीजवळ काहीच राह्यलं न्हाई. तू पाठवलेला मेसेज, तारीख, वेळ, समदं हाय. खरा नकाशाबी काढलाय, तेवढ्याच मोठ्या कागदावर, तेच रंग.

मी वीस तारखेला अंबडला जाते. साडेदहाला सुनावणी हाय. दोन्ही कागद तहसीलदार मॅडमपुढं ठिवते. खोटा नकाशा माझ्या मशीनवर निघाला असं सांगते, काढून कोणी घेतला ते आठवत न्हाई म्हणते. तुझं नाव घेणार न्हाई. सासूबाईला सांगितलंय की बहिणीच्या पोरीला बघायला जाते. आयुष्यात पयल्यांदा त्या हसून जा म्हणल्या.

भ्याव वाटतं का विचारू नको. काल दारावर कोणी थाप मारली तं मी दूध सांडलं. दूधवालाच होता.

हे पत्र दैवशालाबाई जांबला तुझ्या मावशीकडं पोचवती म्हणाली. तिचा तिकडं फेरा न्हाई, तरी पोचवती म्हणाली. तू येऊ नको. मी बघते.

शालूताई


जुना जालना
२० फेब्रुवारी, सांजच्याला

आद्या,

मी गेले न्हाई. जाऊ शकले न्हाई.

साडेआठला सेंटर उघडलं, कागद घेतले अन् निघणार, तेवढ्यात भारत दारात. म्हणला, "ताई, झेरॉक्स काढायची होती." हातात साठेक पानांचा गठ्ठा. एक पान दिलं. काढून दिलं. त्यानं ते उजेडात धरून बघितलं, घडी घातली, खिशात ठिवलं, मंग दुसरं दिलं. मी म्हणलं, दादा गठ्ठाच द्या, एकदम काढते. म्हणला, "काय घाई हाय? कुठं जायचंय का?" दाराच्या बराबर मधी खुर्ची ओढून बसला. दोनपर्यंत बसला, आद्या. एकेक पान. समदी पानं कोरी होती.

जाताना म्हणला, "अंबडचं आता उरकलं असंल."

अडतीस घरं गेली. माझ्यामुळं गेली.

शालूताई


कारळवाडी
२२ फेब्रुवारी

ताय,

गेली न्हाईत. रडू नको, वाच.

तुझं सतरा तारखेचं पत्र मावशीकडं मिळालं. "तू येऊ नको" वाचलं अन् मला तो शाईचा पॅड दिसला. वीस तारखेला पयल्या गाडीनं अंबडला आलो. कचेरीच्या जिन्याखाली उभा राहून तुझी वाट बघितली. दहा, सव्वादहा. दर रिक्षातून तूच उतरती असं वाटायचं. साडेदहाला कारळवाडीचं नाव पुकारलं, अन् वर जायला माझ्याशिवाय आपलं कोणीच न्हवतं. कठडा धरून चढलो.

आत आबाराव, ग्रामसेवक, दहा-बारा माणसं. झुंबरबाईला आबारावनं सोताच्या गाडीत आणली होती, तिला वाटत होतं तिची हरकत ऐकणार. मॅडमच्या टेबलावर तो अर्ज अन् त्याला जोडून माझा नकाशा, फळ्यावरनं काढून आणलेला, अन् नकाशाच्या खाली आबारावची सही. मॅडम म्हणाल्या, "हा आमचा मसुदा नाही." आबाराव म्हणला, "न्हाई तं न्हाई, पण गावाला असाच पाहिजे. वस्तीचे सोताचे अंगठे हायत." मॅडम अंगठे मोजाया लागल्या.

मी म्हणलो, "मॅडम, तो नकाशा मी केला."

कोणी वर बघितलंबी न्हाई. दुसऱ्यांदा वरडून म्हणलो. समदे वळले. आबाराव हसला, मोकळा, आपल्या पोराला हसतेत तसा. "साहेब, हे दहावी नापास हाय, दोनदा. असला नकाशा ह्याला जमंल का? टवाळ पोरगं हाय, सोडून द्या." अन् मॅडमला ते पटलं, ताय. माझ्या तोंडाकडं बघून पटलं. म्हणाल्या, "पुरावा आहे का?" फोन तं आईच्या पेटीत. पुरावा तुझ्याकडं, अन् तू न्हाईस.

दहावी नापासचा एवढा राग मला कधी आला न्हाई. मंग एकदम आठवलं. भेवाच्या मारी मी विसरूनच गेल्तो. म्हणलो, "मॅडम, खालचा तक्ता वाचा. वार्ड दोन. शेवटची वळ."

मॅडमनी कागद जवळ धरला. मंग मोठ्यानं वाचलं:

"घर क्रमांक एकोणचाळीस. चंद्री झुंबरबाई. वय अडीच वर्षं. धंदा, पाला खाणे. मत, एक."

झुंबरबाई म्हणली, "आरं, ही तं माझी शेळी!"

मॅडमनी आबारावला विचारलं, "ह्या नकाशाची मागणी तुम्ही वाचून केली?" त्याच्या सहीच्या वर शेळीचं मत होतं. अठरा दिवस तो कागद फळ्यावर होता, समद्या गावानं बघितला, एकानंबी शेवटपर्यंत वाचला न्हाई. आबाराव खिशात चष्मा चाचपाया लागला. मंग मॅडमनी झुंबरबाईला विचारलं अंगठा कशाला दिला, तिनं सांगितलं रेघ काढायला. पॅड कोणी धरला विचारलं. मी हात वर केला.

अर्ज रद्द. साइटवर हाय तोच नकाशा राहणार. अन् माझा जबाब घेतला, आधार नंबर घेतला, तालुका सोडायचा न्हाई म्हणाल्या. केस होईल का विचारलं तं म्हणाल्या, "होऊ शकते." तुझं नाव मी सांगितलं न्हाई, पण फोन मागवलाय, त्यात तू हाईस. त्याचं मला काय करावं कळत न्हाई.

जिन्यात आबाराव माझ्या शेजारून उतरला. खांद्यावर हात ठिवला. म्हणला, "चहाला येत जा."

त्या हाताचं वजन अजून खांद्यावर हाय.

काल झुंबरबाईनं मला फळ्यापाशी नेलं. खरा नकाशा लागलाय, काच निघाली. मला वाटलं थोबाडीत मारणार. मारली असती तं बरं झालं असतं. म्हणली, "वाच. समदं. खालचं बारीकबी." मी अडतीस घरं वाचली. म्हणली, परत. परत वाचली. प्रितम आलाय, तो बाजूला उभा होता, माझ्याशी बोलला न्हाई. वस्तीतल्या म्हाताऱ्या आपापल्या नावावर बोट ठिवून उभ्या राह्यल्या, मंग गावातलेबी आले, अन् ज्याला वाचता येत न्हाई तो ज्याला येतं त्याला धरून आणत होता. राधेश्यामनंबी सोताचं नाव शोधलं.

आज सकाळी झुंबरबाई दारात. हातात दावं, दाव्याला चंद्री. खुटा संगं आणलेला, आमच्या अंगणात तिनंच दगडानं ठोकला. आईनं विचारलं हे काय. म्हणली, "आदिनाथनं माझ्या वस्तीत रेघ वढली ते मी विसरणार न्हाई. पण आता आबारावची माणसं ह्याच्या दारावरून फिरतेत. चंद्री परका माणूस आला की वरडती. राहू द्या थोडे दिवस." अन् गेली.

दुपारचं लिहून राह्यलो. दैवशालाबाईची गाडी चारला हाय. मधीच चंद्री वरडली, म्हणून उठून बघून आलो. भारतची गाडी होती, दारापुढं हळू झाली अन् गेली.

थांब ताय. परत वरडून राह्यली.

आद्या